घोटभर पाणी

परदेशातल्या त्या गाडीत बसल्यापासून बाबांनी तोंडात काही घातलं नव्हतं. चहा नको, सरबत नको, सँडविचही पिशवीत परत. नुसती चुळबुळ, आणि दर स्टेशनला "अजून किती लांब गं?" चालूच.

शेवटी माझा आवाज चढला. "परक्या मुलखातलं पाणीसुद्धा बाधतं का हो तुम्हाला? चक्कर येऊन पडलात म्हणजे?"

त्यांनी बाटली हातात घेतली, जावयाकडे पाहिलं आणि न उघडताच खाली ठेवली.

नवरा पाय मोकळे करायला उठून गेला, तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"पोरी, त्या बाथरूमच्या दाराला आतून कडीच नाही गं. तू बाहेर उभी राहशील?"