डब्याची गोष्ट

“डब्याची गोष्ट मात्र झालीच पाहिजे हं, सर,” चहाचा कप पुढे करत कंपनीच्या मॅनेजरबाई म्हणाल्या. “तिच्यासाठीच तर तुम्हाला बोलावलंय. आज रंगली, की उरलेल्या सहा शाखांची भाषणंही तुमचीच.”

वक्त्याला ठसकाच लागला. ती गोष्ट आज सांगायचीच नाही, असं ठरवून तो घरून निघाला होता. डबा मात्र सवयीनं पिशवीत आला होता. पत्र्याचा, एका बाजूनं चेपलेला.

गेली अकरा वर्षं या डब्यानंच त्याचं घर चालवलं होतं. लहानपणी आपण कसे तोतरे होतो, वर्गात स्वतःचं नाव सांगता सांगता तास कसा संपला, आणि मग रोज या रिकाम्या डब्यात तोंड खुपसून धडे वाचत जीभ कशी वळवली, हे तो असं रंगवून सांगायचा की भल्याभल्यांचे डोळे भरून यायचे. गोष्ट तशी खरी होती. फक्त त्याची नव्हती, त्याच्या धाकट्या बहिणीची होती. हा कुठला अडखळतोय! याची टकळी जन्मापासून चालू. आणि धाकटीची जीभ काही त्या डब्यानं सुटली नव्हती.

धाकटी याच कंपनीत माल तपासायच्या कामावर होती. लग्नानंतर आडनाव बदललेलं, त्यामुळे दोघं भाऊबहीण आहेत हे इथं कुणाच्या गावीही नव्हतं.

“तुमचं नाव कुणी सुचवलं सांगू?” मॅनेजरबाई म्हणाल्या. “आमच्या तपासणी विभागातल्या एकीनं. बिचारीला बोलायचा फार त्रास. सहा वर्षांत मीटिंगमध्ये एकदाही तोंड उघडलं नाही तिनं. पण आज आभार कोण मानणार विचारलं, तर हात वर! तुमचे व्हिडिओ बघून धीर आला असणार.”

म्हणजे तिनं सगळं पाहिलंय. पण सहा शाखा! आजकाल महिन्याला एक भाषण मिळायची मारामार. एवढी सहा होऊ देत, मग डबा कायमचा माळ्यावर, असं त्यानं मनाला समजावलं. गेल्या वर्षीही त्यानं असंच समजावलं होतं.

कँटीनमधली टेबलं भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली होती, हातात घडी घातलेला कागद. तिच्याकडे न बघता तो बोलत गेला. शेवटी डबा बाहेर आलाच.

“आणि बाईंनी विचारलं, बाळ, नाव काय तुझं?”

इथं तो थांबला. चार सेकंद. हे त्याचं पक्कं गणित होतं. चारपर्यंत लोक श्वास रोखून धरतात, पाचव्याला कुणीतरी खोकतंच. चार होताच त्यानं डब्यावर टिचकी मारून शाळेची घंटा वाजवली. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तो ऐकताना आज पहिल्यांदाच त्याला स्वतःची लाज वाटली.

धाकटी आभाराला उठली. माइक हातात घेतला.

“आ… आ…”

मान ताठ, डोळे घट्ट मिटलेले. हे त्याला पाठ होतं. दुकानात, शाळेत, पार तिच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ती अशी अडली की पुढचं तोच बोलून टाकायचा. आताही तो उठला आणि माइकला हात घातला.

“त्यांना म्हणायचंय, की—”

तिनं माइक स्वतःकडे ओढला.

“थ… थांब, दादा. म… माझं मला बोलू दे.”

‘दादा’ हा शब्द कँटीनभर घुमला. मॅनेजरबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, मग टेबलावरच्या डब्याकडे. वक्ता मुकाट्यानं खाली बसला. सहाही शाखा गेल्या, हे त्याला कळून चुकलं.

धाकटीनं हातातला कागद खिशात कोंबला.

“माझं न… नाव…”

ती पुन्हा अडली. सवयीनं तो मनातल्या मनात मोजू लागला. चार. पाच. सहा. नऊनंतर त्यानं मोजणं सोडून दिलं.

कुणीही खोकलं नाही.