रुसलेल्या जावयाची मागणी

"जावई रुसले!" आत्या ओरडली. पहिल्या दिवाळसणाच्या पानावर माझा नवरा, कॅनडाचा ओवेन, हाताची घडी घालून बसला होता. हे रुसणं त्याला आत्यानेच शिकवलेलं. बाबांनी हसत खिशातून अंगठीची डबी काढली.

"अंगठी नको," ओवेन म्हणाला.

मला हसूच येईना. तो परवा निघणार होता आणि माझं काही ठरत नव्हतं. त्याच्यासोबत जाऊन कायम वास्तव्याचा अर्ज तिथून भरला, तर निकाल लागेपर्यंत तिथून हलायची सोय नाही. म्हणजे माघातलं धाकट्या बहिणीचं लग्न हुकणार. इथून भरला, तर वर्षभर नवरा फक्त फोनवर.

"मग स्कूटर?" बाबांनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली आणि पाठ केलेलं मराठी सावकाश म्हणून दाखवलं. "मला वरची खोली द्या. मी वर्षाची रजा घेतली. अर्ज इथून भरू. दोघं एकदम जाऊ."

आई म्हणाली, "अगं बाई, तिथे कांदे पसरलेत!"

"मी आवरते!" वाढायचा डाव हातात तसाच घेऊन मी जिन्याकडे पळाले.