विस्कॉन्सिनचा अंदाज

बँकेतून निवृत्त झालेले आप्पासाहेब मुरलीपुऱ्यातल्या आपल्या गच्चीवर, कोवळ्या उन्हात अमेरिकेचा नकाशा मांडीवर पसरून बसत. डोळे जड झाले की त्यातली राज्यं पतंगांसारखी अलगद तरंगू लागत. अठ्ठ्याऐंशी सालच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत कुठलं राज्य पक्ष बदलणार, ते मग त्यांना बसल्या जागी दिसे.

"आप्पाजी, अमरीका छोड़िए, अपने पास के चौमूं के चुनाव का बताइए!" शेजारचे शर्माजी चिडवत.

"विस्कॉन्सिन पालटणार, लिहून घ्या," आप्पासाहेब अर्धवट झोपेतच सांगत. विस्कॉन्सिनवर त्यांचा जरा जास्तच लोभ होता, कारण त्यांचा मुलगा जयंत तिथे होता. पुढच्या वर्षी कायमचा परततो, असं तो बरीच वर्षं म्हणत होता आणि आप्पासाहेबांनी ते केव्हाच जमेला धरलं होतं.

निकालाच्या सकाळी फोन खणखणला.

"बाबा, मानलं तुम्हाला! विस्कॉन्सिन पालटलं!"

"मग! तुझ्या आईला मी कधीपासून सांगतोय."

"आणि त्यात माझंही एक मत आहे बरं का. पहिलंवहिलं! थंडीत रांगेत उभा राहून दिलं."

आप्पासाहेबांची छाती फुगली. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी शालनबाईंना बातमी सांगितली. मेथी निवडणारे त्यांचे हात थांबले.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पण तिथलं नागरिक झाल्याशिवाय तिथे मत देता येतं का?"