लिहिणाऱ्याविषयी एक विधान

"बाबांना दाखवू नका, असं ती म्हणाली होती," बाईंनी वही त्याच्यापुढे सरकवली. "पण मी दाखवते आहे. आधी वाचा, मग बोलू."

शाळा सुटली होती. सातवीच्या रिकाम्या वर्गात, मुलांच्या बाकावर तो गुडघे दुमडून बसला. चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासायचा. मालकाला तासाभरात येतो असं सांगून आला होता. चिंगीने काहीतरी उपद्व्याप केला असणार, हीच धाकधूक होती. निघाला तो फक्त निबंध.

या निबंधाचं त्याला माहीत होतं. महिन्यापूर्वी जेवताना तिने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. साहित्याचं विश्लेषण म्हणजे गोष्ट पुन्हा सांगायची नाही. ती बाईंनी वाचलेलीच असते. लिहिणाऱ्याविषयी एक विधान करायचं. मग त्याचेच शब्द जसेच्या तसे घेऊन ते सिद्ध करायचं. आणि प्रत्येक पुराव्यापुढे स्वतःला विचारायचं, बरं मग? उत्तर आलं नाही तर तो पुरावा खोडून टाकायचा. मजकूर कुठलाही चालेल, कथा, कविता, अगदी डायरीसुद्धा.

"मी आईची पत्रं घेणार," चिंगी म्हणाली.

धड्यातली एखादी गोष्ट घे, असं त्याने सुचवून पाहिलं. ती सगळेच घेतात, म्हणाली. हट्टाला पेटली की ती कुणाच्या बापाला ऐकत नसे, स्वतःच्या तर नाहीच. त्याने कपाटातला पत्र्याचा डबा काढून दिला.

चिंगीची आई दूरच्या बोटीवर, तिथल्या दवाखान्यात परिचारिका आहे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. महिन्याला एक पत्र दुकानाच्या पत्त्यावर यायचं. बोट सारखी हलत असल्यामुळे अक्षर वेडंवाकडं. चिंगी उत्तर लिहायची, पाकीट स्वतः चिकटवायची आणि पोस्टात टाकायला त्याच्याकडे द्यायची.

त्याने वही उघडली. पहिल्याच ओळीत विधान होतं. ‘ही एक्केचाळीस पत्रं लिहिणाऱ्या माणसाचा माझ्यावर फार जीव आहे.’

त्याला हायसं वाटलं. पोरीने छान सुरुवात केली होती. तो पुढे वाचू लागला.

‘सहाव्या पत्रात लिहिलंय, खिडकीपाशी झोपू नकोस, तुला लगेच सर्दी होते. बरं मग? आई गेली तेव्हा आम्ही जुन्या घरात होतो. तिथे माझ्या पलंगापाशी खिडकी नव्हती, आणि नव्या घरातल्या खिडकीचं मी आईला कधी लिहिलं नव्हतं.’

‘सतराव्या पत्रात लिहिलंय, बूट चावत असतील तर मुकाट्याने सोसू नये. बरं मग? बूट चावतात हे मी फक्त आईला लिहिलं होतं. तो सोमवार होता. गुरुवारी बाबांनी नवे बूट आणले.’

‘एकाही पत्रात बाबा कसे आहेत असं विचारलेलं नाही. बरं मग? स्वतःची चौकशी कुणी करत नाही.’

पुढचं त्याला वाचवेना. त्याने वही मिटली.

मग त्याने बाईंना सगळं सांगितलं. बोट नव्हती, दवाखाना नव्हता. बायको एका माणसाबरोबर निघून गेली होती आणि पुलापलीकडे, याच शहरात, नवा संसार मांडून बसली होती. पोर तेव्हा आठ वर्षांची. आई आपल्याला टाकून गेली हे तिला कळू नये म्हणून त्याने डाव्या हाताने पहिलं पत्र लिहिलं. एक लिहिलं म्हणून दुसरं लिहावं लागलं.

"आता तिला काय सांगू?" तो म्हणाला. "आई मेली म्हणून सांगू? निदान टाकून गेली असं तरी होणार नाही."

"काहीच सांगू नका," बाई म्हणाल्या. "तिला माहीत आहे."

विश्लेषणात मजकुराबाहेरचा पुरावा चालत नाही, म्हणून एक गोष्ट चिंगीने निबंधात घेतली नव्हती. ती तिने बाईंना तोंडी सांगितली होती. गेल्या वर्षी सहामाही परीक्षा संपली त्या दुपारी तिला बाजारात आई दिसली. चिंगी मागोमाग तिच्या दारापर्यंत गेली. तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत, असं तिने आईला सांगितलं. आईने वळून एकदा घरात पाहिलं, ‘कसली पत्रं?’ म्हणाली आणि दार लावून घेतलं.

"बारा वर्षांच्या पोरीने हे एकटीने किती ओढायचं?" बाई म्हणाल्या.

तो ऐकत नव्हता. त्याला तो दिवस आठवत होता. त्या संध्याकाळी चिंगीने दिलेलं पाकीट त्याने नेहमीसारखं दुकानात नेऊन फोडलं होतं. आत दोनच ओळी होत्या.

‘आई, तू पत्रं पाठवायची थांबवू नकोस. पत्र आलं की बाबा दोन दिवस नीट जेवतात.’