पंधरा वर्षांची राखण

"पंधरा वर्षं? पंधरा वर्षं तुमच्या मेंढ्यांना ओवाळत बसायचं का आम्ही?" न्यूझीलंडच्या लॅक्लन डफीने कागद टेबलावर आपटला. "आम्ही मटण विकायला आलोय, बाई. तुमची रडगाणी ऐकायला नाही."

नेरिस प्रॉसर जागची हलली नाही. ब्रिटन युरोपच्या गटातून बाहेर पडला होता आणि आता एकेका देशाला गाठून नवा करार करायची पाळी आली होती. न्यूझीलंडचा करार तिच्या गळ्यात पडला. लंडनमधल्या त्या खोलीत आठवडाभर शिव्या तेवढ्या द्यायच्या राहिल्या होत्या. डफी रोज तेच म्हणे, आयातीवरचा कर काढा, आमचं मटण उद्यापासून येऊ द्या. नेरिसही रोज तेच म्हणे, एकदम नाही, हळूहळू, पंधरा वर्षांत. त्यात मंत्रीमहोदयांना शुक्रवारी सहीचा फोटो हवा होता. कराराचं काही का होईना, फोटो चुकता कामा नये.

तिचा धाकटा भाऊ इवान वेल्सच्या डोंगरावर मेंढ्या पाळायचा. गटातून बाहेर पडावं म्हणून त्याने मत दिलं, हिने विरुद्ध दिलं, तेव्हापासून दोघांचं धड बोलणं नव्हतं. बोलणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला, तो एवढंच सांगायला, की माझा कळप गेला तर या घराची पायरी चढू नकोस.

न्यूझीलंडचं मटण हल्ली इकडे फारसं येत नाही, हे आकडे नेरिसने वाचले होते. पण आज येत नाही म्हणून उद्या येणार नाही थोडंच! लहानपणी दुकानात न्यूझीलंडची स्वस्त तंगडी दिसली की बाप तोंड फिरवायचा आणि आख्ख्या गावाला ऐकू जाईल असं बडबडायचा. न्यूझीलंडकडून घात होणार तो मेंढीपायीच, हे वेल्समध्ये शेंबडं पोरही जाणतं.

गुरुवारी दुपारी डफी उठला आणि कोट चढवून विमानतळाकडे निघालो म्हणाला. दारापर्यंत गेला आणि थांबला. बरं, घ्या तुमची पंधरा वर्षं मेंढ्यांना, पण मग लोणी आणि चीज तरी लगेच मोकळं करा, असं त्याने तोंड वाकडं करून सांगितलं.

डोंगराखालच्या खोऱ्यात ओल्वेनमावशीच्या गाई होत्या, आणि बाहेरचं स्वस्त लोणी आलं की तिच्या दुधाचा भाव पडणार होता. आई गेल्यावर या मावशीनेच नेरिस आणि इवानला वाढवलं, तेही दुधाच्या पैशावर. पण मावशी आता थकली, अजून किती दिवस धारा काढणार? इवानची पोरं तर अजून लहान आहेत. मनाची समजूत काय, घालावी तशी घालता येते. नेरिस "चालेल" म्हणाली.

शुक्रवारी सह्या झाल्या, फोटो निघाला, मंत्री बत्तिशी दाखवून हसले. बाहेर कॉफीच्या टेबलापाशी डफी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आता सांगायला हरकत नाही," तो म्हणाला. "मटण आमचं चीनला जातं. तिकडे भाव बरा मिळतो. तुमच्याकडे आज बिनकराचं जेवढं आणायची मुभा आहे, तेवढंसुद्धा आम्ही आणत नाही."

"मग आठवडाभर भांडलात कशासाठी?"

"लोण्यासाठी," डफी म्हणाला आणि कपात साखर टाकू लागला.

त्याच्या तोंडावर कॉफी फेकावी असं तिला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. इवान होता. मेंढ्या वाचल्याचं बातम्यांत ऐकलं म्हणाला. किती वर्षांनी त्याने तिला ताई म्हटलं. मग तो म्हणाला, थांब, मावशी इथेच आहे, तिला बोलायचंय.

"गुणाची गं माझी बाय," मावशी म्हणाली. "पोराची मेंढरं राखलीस. मी शेजारपाजारच्यांना सांगूनच ठेवलं होतं, आमची नेरिस तिथे बसलीये म्हटल्यावर आपल्या गाईंना कोण हात लावतोय!"