गोळीचं गाऱ्हाणं

पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन गुरुदास मसुऱ्याला घरी आला, आणि त्या दिवसापासून कोलेस्टेरॉलच्या गोळीशी त्याचं वाकडं पडलं.

"ऑपरेशन पोटाचा आणि गोळी चरबीची! मी हंय पेजेवर जगतंय. पेजेत खंयची इली चरबी?"

बायकोने, शेवंतीने, परोपरीने समजावलं. एवढ्या कापाकापीनंतर हृदयावर ताण येतो, तेव्हा ही गोळी आधाराला असलेली बरी, मध्येच सोडू नका, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. गुरुदासने तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग तिने डोक्यावर पदर घेतला, एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला धरला आणि खाटेसमोर डोळे मिटून थेट गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा! माझ्या घोवाची जखम लवकर भरून येवंदे रे म्हाराजा!"

गावच्या देवळात गाऱ्हाण्याच्या ओळीओळीला होकार भरण्यात गुरुदासचा जन्म गेलेला. सवयीने तोंडातून निघालंच, "व्हय म्हाराजा!"

"ह्येका रोज ही गोळी घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि त्याने जीभ चावली. देवासमोर दिलेला होकार, आता सुटका नव्हती. हसत हसत त्याने तिच्या हातातून गोळी आणि पेला घेतला.

शेवंतीचे डोळे मिटलेलेच होते. "आणि कधी न्हेवचाच आसात, तर ह्येच्या आधी माका न्हे रे म्हाराजा!"

गुरुदासचं तोंड उघडलं. घाईघाईने त्याने त्यात गोळी टाकली आणि पाणी संपलं तरी पेला ओठांपासून हलवला नाही.