हाडांत मुरलेलं पाणी

वत्सलाबाईंनी आरोग्य केंद्रातल्या नव्या यंत्रावर हात ठेवला. अंगात कोणतं विष कधीपासून मुरत आलं, ते हे यंत्र हाडांवरून वाचत असे. पाठ वाकल्यामुळे त्यांना पडदा दिसत नव्हता. नवरा तुळशीराम बघत होता.

“पाण्यातलं फ्लोराइड आहे,” डॉक्टर शबाना म्हणाल्या. “वीसेक वर्षांपासून साचतंय. तेव्हा पाणी बदललं होतं का?”

तुळशीराम स्टुलावर बसला. “अंगणात बोअर घेतला मी. हिला नदीवरून हंडे आणताना बघवत नव्हतं. मी ट्रकवर असायचो, बाहेरचं पाणी प्यायचो.”

“पाठ सरळ होईल का?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“नाही. पाणी बदललंत तर पुढचं थांबेल.”

तुळशीरामची मान खाली गेली. वत्सलाबाई त्याच्याकडे वळल्या. “पाणी लागलं तेव्हा किती आनंद झाला होता मला. तो काही खोटा नव्हता.”

डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कोण पितं ते पाणी?”

“घरात कोणी नाही,” तुळशीराम म्हणाला. मग त्याने मान वर केली. “पण अख्ख्या आळीला मीच नळ काढून दिलेत. सगळ्यांची पोरं त्यावरच वाढली.”